ग्राफिक्स कार्ड बदलायचंय? आधी तासभर मोजमाप करा

काही वर्षांपूर्वी मी हौसेनं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. जुनं काढलं, नवं बसवलं, ड्रायव्हर टाकला. एका गेममध्ये गर्दीच्या चौकात शिरलं की चित्र झटके खायचं, म्हणून मुद्दाम तोच गेम लावला. चौक आला आणि चित्रानं झटका खाल्ला, अगदी पूर्वीसारखाच. दोन दिवस ड्रायव्हरला शिव्या घालून झाल्यावर आकडे बघायची बुद्धी झाली. नवं कार्ड जेमतेम ४५ टक्के काम करत होतं आणि उरलेला वेळ प्रोसेसरची वाट बघत बसलं होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

तेव्हापासून कुणी ‘कोणतं कार्ड घेऊ?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, ‘तुझा कॉम्प्युटर नेमका कशासाठी अडतोय?’ याचं उत्तर तासाभरात, एक पैसा न खर्चता मिळतं. ते कसं मिळवायचं आणि त्यावरून खर्चाचा निर्णय कसा घ्यायचा, ते क्रमानं सांगतो.

पायरी १ : फुकटातल्या चुका आधी काढा

पहिली चूक इतकी साधी की सांगायला लाज वाटते. मॉनिटरची केबल कॅबिनेटच्या मागे कुठे लावली आहे ते बघा. मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असेल, तर बहुतेक वेळा चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चाललंय आणि महागडं कार्ड नुसतं बसून आहे. केबल खालच्या बाजूला, कार्डाच्या आडव्या पोर्टमध्ये हवी.

दुसरी, मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आणलेला असतो, पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला असतो. असे मॉनिटर मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलेत आणि दर वेळी मालकाचं म्हणणं एकच, ‘कार्ड जुनं झालंय.’

तिसरी चूक रॅमची. १६ जीबीची एकच काडी असेल तर रॅम एकाच चॅनलवर चालते आणि प्रोसेसरला माहिती अर्ध्या रुंदीच्या वाटेनं मिळते. ८-८ च्या दोन काड्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर काही गेममध्ये फरक जाणवण्याइतका पडतो. शिवाय रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचा पर्याय चालू करावा लागतो.

मग धूळ. कार्ड तापलं की स्वतःच वेग कमी करतं. गेम सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं ठीक आणि नंतर फ्रेम (सेकंदाला उमटणारी चित्रं) घसरत जात असतील, तर तापमान बघा. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून पंखे साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. चार-पाच वर्षं जुन्या कार्डात थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असू शकते. ती बदलायला हात स्थिर असेल तरच जा.

पायरी २ : अडतंय कुठे ते शोधा

इथे घाई करू नका, सगळा निर्णय या पायरीवर उभा आहे.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर, किंवा इंटेलचं प्रेझेंटमॉन, यांपैकी काहीही घ्या. सगळी फुकट आहेत. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात चार आकडे दिसतील असं करा : कार्डाचा वापर किती टक्के, फ्रेमचा वेळ किती मिलिसेकंद, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती भरली, आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (स्वतंत्र काम करणाऱ्या भागाचा) वापर वेगवेगळा. चाचणीपुरतं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमवरची मर्यादा बंद ठेवा. मर्यादा लावलेली असली तर कार्ड निवांतच दिसणार आणि तुम्ही चुकीच्या निष्कर्षावर जाणार.

आता गेममधली सगळ्यात जड जागा निवडा. रिकाम्या मैदानातले आकडे कामाचे नाहीत. दोन मिनिटं तिथेच फिरा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड खरोखर पूर्ण ताकदीनं काम करतंय. तो ५०-७० च्या दरम्यान खालीवर होत असेल तर अडथळा बाहेर कुठेतरी आहे.

प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विश्वास ठेवू नका. १६ थ्रेडच्या (एकाच वेळी कामं चालवायच्या १६ वाटा असलेल्या) प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा सहा-सव्वासहा टक्केच दिसतो. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एकदोन थ्रेडवरच अडकतं. म्हणून ‘प्रोसेसर तर ३० टक्केच चालतोय’ हे वाक्य ऐकलं की मी कोअरनिहाय आकडे मागतो.

आता खरी कसोटी. बाकी सगळ्या सेटिंग्ज तशाच ठेवा आणि फक्त रिझोल्यूशन खाली आणा. १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर गेलात तर कार्डाला रंगवायचे पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० होतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं. चौकातली माणसं तितकीच, गाड्या तितक्याच. फ्रेम ४८ वरून ९० वर गेल्या तर अडथळा कार्ड होतं. ४८ वरून ५१ वर गेल्या तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय आणि कितीही भारी कार्ड आणलं तरी तुम्ही ५१ च्या आसपासच राहणार.

रिझोल्यूशन खाली आणल्यावर मिळालेला हा दुसरा आकडा कागदावर लिहून ठेवा. ही तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. पुढे ती लागणार आहे.

व्हीरॅमचा आजार वेगळा

सरासरी फ्रेम चांगल्या असतात, पण पंधरा-वीस मिनिटांनी मध्येच कचकन अडकायला होतं, किंवा भिंतींवरचे पोत धूसर दिसतात आणि उशिरा स्पष्ट होतात. ही व्हीरॅम भरल्याची लक्षणं. भरली की उरलेली माहिती मुख्य रॅममध्ये जाते आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या स्लॉटच्या, वाटेनं परत आणावी लागते. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या पूर्ण १६ लेनमधून सेकंदाला साधारण १६ जीबी जातात. आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबी आहे. हमरस्त्यावरून एकदम पायवाटेवर यावं, तसं होतं ते.

तपासायचं कसं? फक्त टेक्स्चरची (पोतांची) सेटिंग एक पायरी खाली आणा आणि गेम पुन्हा सुरू करा. अडकणं गेलं तर व्हीरॅमच कमी पडत होती. नुसता ‘८ पैकी ७.५ जीबी वापरात’ हा आकडा पुरावा नाही, कारण बरेच गेम मिळेल तेवढी जागा आधीच अडवून ठेवतात.

पायरी ३ : मॉनिटरला विचारा

६० हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्ड ११० फ्रेम काढत असलं तरी डोळ्यांपर्यंत त्या सगळ्या पोचत नाहीत. प्रतिसाद थोडा चपळ वाटतो, बस. ज्यांच्याकडे असा मॉनिटर आहे आणि गेम ६० वर स्थिर चालतोय, त्यांनी कार्डाऐवजी मॉनिटरचा विचार आधी करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट मॉनिटर आधीच मोठा घेतला असेल तर हिशोब फिरतो. २५६० × १४४० म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेल, १०८०पीच्या पावणेदोन पटींपेक्षा थोडे जास्त. फोर-के म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. १०८०पीवर मजेत चालणारं कार्ड फोर-केवर गुडघे टेकतं, त्यात कार्डाचा दोष नाही.

आणखी एक : फ्रेमच्या टक्केवारीपेक्षा मिलिसेकंदांत विचार करायची सवय लावा. ६० च्या ७५ फ्रेम झाल्या तर प्रत्येक फ्रेममागे ३.३ मिलिसेकंद वाचतात. १४४ च्या १८० झाल्या तर जेमतेम १.४. दोन्हीकडे वाढ २५ टक्केच, पण पहिली हाताला जाणवते, दुसरी बहुतेकांना जाणवणारही नाही.

पायरी ४ : रिव्ह्यूमधला आकडा स्वतःच्या मापाला लावा

रिव्ह्यू करणारे मुद्दाम सर्वात वेगवान प्रोसेसर वापरतात, कारण त्यांना फक्त कार्ड तपासायचं असतं. बरोबरच आहे ते. पण तो आकडा तुमचा नाही. तुमचा आकडा असा काढा : तुमच्याच गेमचा, तुमच्याच रिझोल्यूशनचा, तशाच सेटिंग्जचा रिव्ह्यूतला आकडा घ्या. मघाशी कागदावर लिहिलेली प्रोसेसरची मर्यादा शेजारी ठेवा. दोन्हींत जो लहान, तो तुम्हाला मिळणार. रिव्ह्यू १३० म्हणतोय आणि तुमची मर्यादा ७० असेल, तर तुम्ही ७० साठी पैसे मोजताय. मग ८० देणारं स्वस्त कार्ड का नको? रे-ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) चालू केलं तर प्रोसेसरवरचा बोजाही वाढतो, म्हणून ती चाचणी वेगळी करा.

सरासरीसोबत ‘१ टक्का लो’, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, हा आकडाही बघा. सगळ्यात वाईट क्षणी काय होतं ते तो सांगतो आणि चिडचिड त्याच क्षणी होते.

फ्रेम जनरेशन लावून फुगवलेले आलेख बाजूला ठेवा. या तंत्रात दोन खऱ्या फ्रेममध्ये तयार केलेल्या फ्रेम घुसवतात. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगानं येतो, किंबहुना किंचित उशिरा. मुळात ६० च्या आसपास फ्रेम मिळत असतील तर हे छान चालतं. मुळात २५ असतील तर पडद्यावर ५० दिसतात आणि हाताला चिखलात चालल्यासारखं वाटतं.

अपस्केलिंगची, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करण्याची, गोष्ट वेगळी, ते कामाचं आहे. एनव्हिडियाच्या डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ पर्यायात प्रत्येक बाजू सुमारे ६७ टक्के धरून चित्र काढतात, म्हणजे पिक्सेल ४४ टक्केच. एएमडीच्या एफएसआरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या जुन्या आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालतात. कार्ड बदलण्याआधी हे एकदा चालू करून बघाच. मी अशा एका पर्यायावर जुनं कार्ड दीड वर्ष जास्त ओढलं.

नावांच्या सापळ्यातही अडकू नका. जीटीएक्स १०६० चं ३ जीबीचं कार्ड म्हणजे ६ जीबीच्या कार्डाची फक्त मेमरी कापलेली आवृत्ती नव्हती, त्यात कोअरही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. आरटीएक्स ३०६० नंतर ८ जीबीमध्येही आलं, त्याच्या मेमरीचा वेग ३६० ऐवजी २४०. खोक्यावर नाव एकच.

कामासाठी कार्ड हवं असेल तर

व्हिडिओ एक्सपोर्टला दहा मिनिटं लागतात आणि त्यातली चारच मिनिटं कार्डावर जातात, असं समजा. दुप्पट वेगाच्या कार्डानं चाराची दोन होतील. एकूण दहाची आठ. ‘दुप्पट वेग’ या शब्दांवर भाळून खर्च केला आणि वीस टक्के हाती आले, असं होतं ते. एक्सपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडून कार्डाचा आलेख किती वेळ भरलेला राहतो ते बघा. तिथे व्हिडिओ एन्कोड आणि डिकोडचे आलेख वेगळे असतात, तेही तपासा.

ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर रेंडर करणाऱ्याला (म्हणजे अंतिम चित्र काढणाऱ्याला) मात्र नव्या कार्डाचा फायदा जवळजवळ सरळ मिळतो. अट एकच, सीन व्हीरॅममध्ये मावला पाहिजे. घरच्या कॉम्प्युटरवर भाषेची एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी तर वेगाआधी व्हीरॅमच बघावी. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये ठेवलं तर नुसत्या वजनांनाच, म्हणजे त्या पॅरामीटरनाच, १४ जीबी लागतात, ४ बिटमध्ये आणलं तर साडेतीन आणि वर कामापुरती जागा. अशा कामाला जुनं १२ जीबीचं कार्ड नव्या ८ जीबीच्या कार्डापेक्षा बऱ्याचदा सोयीचं पडतं.

फोटो एडिटिंग, कोडिंग, ऑफिसचं काम यांसाठी कार्ड बदलायची गरज क्वचितच पडते.

पायरी ५ : बसेल का, पेलेल का

छुपा खर्च इथे असतो. टेप घेऊन कॅबिनेटच्या आतली लांबी मोजा, पुढे पंखा किंवा रेडिएटर असेल तर तो सोडून. कार्डाची जाडीही बघा. अडीच-तीन स्लॉटची कार्डं खालचे पोर्ट झाकून टाकतात.

कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायवरची पट्टी वाचा, पॉवर सप्लाय मात्र उघडू नका. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५, ८ पिनच्या जोडणीतून १५०. नव्या मोठ्या कार्डांवरची बारीक १६ पिनची जोडणी ६०० वॉटपर्यंत जाते. ती पूर्ण आत बसली पाहिजे आणि तोंडापाशीच वायर मुडपू नका, अर्धवट बसलेली जोडणी वितळू शकते. कार्ड क्षणभरासाठी ठरलेल्या वॉटपेक्षा बरंच जास्त खेचतं, त्यामुळे आठ-दहा वर्षांचा पॉवर सप्लाय ‘कागदावर पुरतो’ म्हणून चालवू नका. गेम चालू असताना कॉम्प्युटर अचानक बंद पडला तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

मदरबोर्ड जुना असेल तर लेन मोजा. आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२) याला चारच लेन आहेत आणि व्हीरॅम ४ जीबी. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डवर त्याची वाट सेकंदाला ४ जीबीपर्यंत आक्रसते आणि मेमरी भरली की ते चांगलंच मार खातं. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरसाठी घ्यायचं स्वस्त कार्ड, आणि नेमकं जुन्या कॉम्प्युटरवरच मागे पडतं! इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही बायोसमधली सोय लागते. ती सोय नसेल तर ही कार्डं घेऊ नका, बाकी कितीही आवडली तरी.

पायरी ६ : हिशोब

नव्या कार्डाची किंमत १०० धरा. पॉवर सप्लाय बदलावा लागला, त्याचे २५. जुनं कार्ड विकून ३० आले. खरा खर्च ९५. आता त्याच ९५ मध्ये प्रोसेसर आणि रॅम बदलली तर काय मिळेल, किंवा चांगला मॉनिटर आला तर काय मिळेल, हे शेजारी लिहा. विजेचाही विचार करा. नवं कार्ड ८० वॉट जास्त घेत असेल आणि तुम्ही रोज तीन तास खेळत असाल, तर वर्षाला ८७-८८ युनिट वाढतात. कमी घेत असेल तर तेवढेच वाचतात.

किती फरक पडला तर घ्यावं? माझा स्वतःचा नियम असा. तीस टक्क्यांच्या आतली वाढ असेल तर नाही, कारण शॅडो आणि धुक्याची सेटिंग एकेक पायरी उतरवून बहुतेक गेममध्ये तेवढं फुकट मिळतं. पन्नासच्या आसपास असेल तर जुन्याला चांगली किंमत येत असल्यास. दुप्पट होत असेल तर बिनधास्त. याला एक अपवाद आहे. काही नवे गेम जुन्या कार्डावर चालतच नाहीत. २०२४ च्या शेवटी आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे-ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, सेटिंग कमी करून सुटका नाही. तुम्हाला हवा असलेला गेम अशा यादीत असेल तर टक्केवारीचा प्रश्नच उरत नाही.

जुनं कार्ड घेताना

इथिरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून चलन मिळवणं) सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं आणि ढिगानं कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही. मला त्याहून जास्त भीती न मोजता घेतलेल्या कार्डाची वाटते. समोर लावून अर्धा तास जड गेम चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी उमटल्या तर नमस्कार करून निघा. पंख्याला कान लावा, घरघर किंवा टकटक ऐकू येते का बघा. जीपीयू-झेड उघडून चिपचं नाव आणि मेमरी जाहिरातीशी जुळवा. नाव बदललेली खोटी कार्डं विकली जातात आणि त्यातली बरीच हे सॉफ्टवेअर ओळखतं.

ड्रायव्हर किती दिवस मिळणार हेही विचारात घ्या. २०१६ ची जीटीएक्स १० मालिका अजून धावते, पण एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर तिच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले, आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट. अशा कार्डाला किंमत त्या बेतानंच द्या.

घेतल्यावर

जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, नवा टाका आणि त्याच गेममधल्या त्याच जड जागी, त्याच सेटिंगवर पुन्हा दोन मिनिटं फिरा. आधीचे आकडे कागदावर आहेतच. कार्ड परत करायची मुदत संपायच्या आत हे करा आणि तोवर जुनं कार्ड विकू नका. मी ते पहिल्याच दिवशी विकून मोकळा झालो होतो, त्यामुळे परत फिरायला जागाच नव्हती. चार महिने थांबून प्रोसेसर बदलला तेव्हा कुठे कार्डाचा वापर ४५ वरून ९७ टक्क्यांवर गेला, आणि त्या चौकातून मी पहिल्यांदा न अडखळता पलीकडे गेलो.